कॅलेंडरातली हळद

पनवेलला वडाळे तळ्याजवळच्या एका कार्यालयात मी बरीच वर्षं साहेबांचे कार्यक्रम सांभाळले. साहेब म्हणजे आमचे लोकप्रतिनिधी. मधल्या काळात त्यांची पदं बदलली, खुर्चीवरचा टॉवेल मात्र तोच राहिला. पुढाऱ्याचं काम म्हणजे भाषणं आणि सभा, असं ज्यांना वाटतं त्यांनी लग्नसराईत आमच्याकडे एक आठवडा काढावा. दुपारी दुकानाचं उद्घाटन, मग कोणाच्या घरी सांत्वनाला, आणि संध्याकाळपासून हळदी. आमच्या भागात लग्न चुकलं तर एकवेळ चालतं, हळद चुकली की ते घर पुढच्या निवडणुकीपर्यंत लक्षात ठेवतं.

हा सगळा पसारा मी डायरीत लिहायचो. स्मार्टफोन नुकते हातात आले होते, तेव्हा आम्हा कार्यालयवाल्यांना एका शिबिरात ऑनलाइन साधनं शिकवली. एकगठ्ठा एसएमएस पाठवायची वेबसाइट, मराठी टाइप करायची सोय, नकाशे, आणि सगळ्यांना एकदम दिसणारं कॅलेंडर. त्या कॅलेंडरच्या मी प्रेमातच पडलो. साहेबांच्या, ड्रायव्हरच्या आणि माझ्या फोनवर एकच कार्यक्रम. दिवसभर फोनाफोनी करायची कटकट संपली. मग ऐटीत येऊन मी ते कार्यकर्त्यांनाही बघायला दिलं, आणि तिथेच माशी शिंकली.

कोन गावचे एक जुने कार्यकर्ते, आम्ही त्यांना दादा म्हणायचो, दुसऱ्याच दिवशी फोन नाचवत आले. "याच्यात मला काय लिवताच येत नाय."

"दादा, तुम्हाला फक्त बघायची परवानगी आहे," मी म्हटलं.

त्यांचा चेहरा पडला. "आमी नुसतं बघाचं? सतरंज्या आमी उचलाच्या, आन् कॅलेंडर तुमी लिवाचं?"

मी वाद घातला, तर ते थेट साहेबांकडे गेले. साहेब मला म्हणाले, "अरे, देऊन टाक. माणूस दुखावतो." एकाला दिलं म्हणून दुसऱ्याला द्यावं लागलं, आणि बघता बघता सगळ्यांनाच लिहायचा हक्क मिळाला. लिहिता येतं म्हणजे खोडताही येतं, हे कळायला कोणालाही शिबिराला जावं लागलं नाही.

कार्यालयात चहापाणी बघणाऱ्या मावशी नेरे गावाच्या पुढच्या एका खेड्यातल्या. त्यांची मुलगी पनवेलला कॉलेजात होती, त्या घरातली दहावीच्या पुढे गेलेली पहिलीच. तिचं प्रॅक्टिकल सुटायच्या आत गावाकडची शेवटची एसटी निघून जायची. मग भरेपर्यंत न हलणारी सहा आसनी रिक्षा, आणि फाट्यापासून अंधारात पायपीट. पोरीने रात्री एकटीने यायचं नाही, डिसेंबर संपला की कॉलेज बंद, असं तिच्या वडिलांनी सांगून टाकलं होतं. मावशींनी आजवर कशासाठी शब्द टाकला नव्हता, तो या वेळी टाकला. साहेबांनी लगेच एसटीच्या अधिकाऱ्यांना फोन केला. अधिकारी भले गृहस्थ होते. "समोर बसून वेळापत्रक बघू, या एकदा," म्हणाले.

मी कॅलेंडरात लिहिलं, बुधवार, साडेपाच, एसटी डेपो. सकाळी बघतो तर तिथे कळंबोलीतल्या जिमचं उद्घाटन. पुढच्या बुधवारी क्रिकेटचं बक्षीस वाटप. तिसऱ्या खेपेला कोणीतरी नुसतंच "साहेब आमच्याकडे चहाला" असं लिहून ठेवलं होतं. मी तापट माणूस, एकेकाला फोन करून झापलं. सगळ्यांचं उत्तर एकच, "डेपो काय, उद्या बी होईल." मावशी कपबशा विसळत ऐकत होत्या. "राहू द्या," त्या म्हणाल्या. "तिच्या नशिबात नसंल." कार्यकर्त्यांपेक्षा मला त्या शांतपणाचा जास्त राग आला.

त्या रागातच मी कॅलेंडर उघडलं आणि येत्या बुधवारी साडेपाचला लिहिलं, "हळद, नेरे". दुसऱ्याच्या घरची हळद खोडणं म्हणजे पिढीजात वैर ओढवून घेणं. ते कोण करणार? बुधवार उजाडला, हळद जागच्या जागी होती. साहेबांना मी खरं काय ते गाडीत बसल्यावर सांगितलं. ते पोट धरून हसले.

पण एक गोष्ट माझ्या डोक्यातच आली नव्हती. ती हळद सगळ्यांनी वाचली होती. कोणाच्या घरची, हे एकानेही विचारलं नाही, कारण विचारणं म्हणजे आपल्याला आमंत्रण नाही हे कबूल करणं. साहेबांची गाडी निघाली तशी मागे एकेक गाडी लागत गेली. आम्ही नेऱ्याकडे न वळता डेपोत शिरलो, तर सगळे मागोमाग डेपोत. कडक इस्त्रीचे पांढरे शर्ट, गळ्यात चेनी, अत्तराचा घमघमाट. अधिकारी केबिनबाहेर आले आणि ती गर्दी बघून थबकले. "एवढ्या लोकांची मागणी आहे, मला कल्पना नव्हती," ते म्हणाले.

आम्ही चुकून आलो, असं म्हणणारा कार्यकर्ता अजून जन्मायचा आहे. दादाच पुढे झाले. "मंग? किती वर्सांची मागणी हाय आमची." बाकीच्यांनी माना डोलावल्या. एकाने मुलींच्या शिक्षणावर चार शब्दही बोलून घेतले, आणि खरं सांगायचं तर तो छान बोलला. अधिकाऱ्यांनी सगळ्यांना चहा पाजला, वेळापत्रक काढलं, आणि सोमवारपासून संध्याकाळी उशिराची एक गाडी सोडून बघू म्हणाले.

बाहेर आल्यावर दादांनी मला हळूच बाजूला घेतलं. "हलद कोनाची होती रं?"

"कोणाचीच नाही," मी म्हटलं. त्यांनी माझ्या पाठीत एक सणसणीत धपाटा घातला आणि जेवण बुडालं म्हणून गाडीपर्यंत कुरकुरत गेले. सोमवारच्या आत नाक्यावर अभिनंदनाचा फ्लेक्स मात्र लागला. बससाठी झटलेल्यांचे फोटो त्यावर इतके होते, की बसच्या फोटोला जागा उरली नाही.

सोमवारी मी मावशींबरोबर स्टँडवर गेलो. गाडी लागलेली होती आणि मुलगी खिडकीशी बसली होती. मावशींनाही त्याच गावाला जायचं होतं, पण त्या जागच्या हलेनात. मी म्हटलं, "चढा ना, मावशी."

"आज नाय," त्या म्हणाल्या. "मी संगं गेले तर तिचा बाप म्हनंल, आई होती म्हनून आली. एकटी येते ते बगू दे त्याला."

गाडी सुटली. मुलगी कंडक्टरकडून तिकीट घेत होती, तिचं आमच्याकडे लक्षही नव्हतं. मावशी तोंडभर हसत होत्या, आणि गाडी वळून दिसेनाशी होईपर्यंत त्यांच्या डोळ्यांतलं पाणी थांबलं नाही.