वरचा खिसा

कुणाच्याही घरून निघताना दादाराव उंबऱ्याबाहेर थांबत, पँटचे दोन्ही खिसे अस्तरासकट बाहेर ओढत आणि ती पांढरी अस्तरं तशीच लोंबती ठेवून सोबतच्या माणसाकडे बघत. मग शर्टाचा खिसा दोन बोटांनी उघडून आधी स्वतः आत डोकावत आणि नंतर समोरच्याला दाखवत. चितेगावच्या एका कारखान्यातला पन्नाशीचा फिटर, कडक इस्त्रीचा शर्ट घातलेला भारदस्त माणूस, भर दिवसा लोकांच्या दारात असा उभा राहिला की बघणाऱ्याला हसू येई. मलाही आलं होतं. त्या वेळी दार आमचंच होतं.

आम्ही शहरात, उस्मानपुऱ्यात राहतो. मी एका औषधाच्या दुकानात कामाला होतो आणि तिथल्याच झोपेच्या गोळ्या खात होतो. मालकाने काढून टाकल्यावर आईने कुठून तरी नंबर मिळवून फोन केला आणि नशेतून बाहेर पडलेल्या लोकांच्या फेलोशिपमधून दोघे जण घरी आले. त्यांतले एक दादाराव. मी उपदेश न ऐकण्याची पूर्ण तयारी करून बसलो होतो. दादारावांनी जास्त साखरेचा चहा मागितला आणि स्वतःचीच गोष्ट सांगत बसले. मेव्हणा आजारी असताना त्याच्या उशाखालच्या दुखण्याच्या गोळ्या त्यांनी कशा चोरल्या, तो शेजारच्या खोलीत कण्हत होता आणि हे कसे निवांत झोपले. माझ्याबद्दल त्यांनी एक शब्द विचारला नाही. निघताना दारात खिसे बाहेर आले तेव्हा आई ओशाळली. अहो, आम्ही काय तुमच्यावर संशय घेतो का, असं म्हणाली.

"तुमी नाय वो माय," दादाराव म्हणाले. "मीच घेतो."

नवीन माणसाच्या घरी एकट्याने जायचं नाही, दोघांनी जायचं, हा आमच्या फेलोशिपचा रिवाज. खिशांचा नियम मात्र खास दादारावांचा. नवीन माणूस तयार झाला की आधी लपवलेला माल बाहेर काढतो, आणि तो तिथल्या तिथे संपवावा लागतो. बादलीत पाणी, त्यात कपडे धुण्याची पावडर, त्यात गोळ्या फोडून टाकायच्या, काठीने ढवळायच्या आणि संडासात ओतायच्या. या कामाला दहा मिनिटं लागतात. त्या दहा मिनिटांना दादाराव फार भीत. "त्या बादलीभवती तिघं बी सारखेच," ते म्हणत. कुणी म्हणालं की दादाराव, तुम्हाला तर अठरा वर्षं झाली, आता कसली भीती, तर त्यांचं उत्तर ठरलेलं असे. "वरसं माझी झाली. खिशाची नाय झाली."

माणूस कटकट्या होता, हे सांगायला हवं. मीटिंगला पाच मिनिटं उशीर झाला तर तोंड फिरवून बसे. मेव्हण्याची गोष्ट मी त्यांच्या तोंडून इतक्या वेळा ऐकली की कुठल्या वाक्याला ते चष्मा काढणार हे मला पाठ झालं. माझ्या न खोचलेल्या शर्टावरून ते मला दर रविवारी बोलत. मी मनातल्या मनात वैतागायचो आणि पुढच्या रविवारी पुन्हा त्यांच्याच शेजारी जाऊन बसायचो.

मला सात महिने झाले होते तेव्हाची गोष्ट. गंगापूरच्या पुढच्या एका गावातून एका म्हातारीचा फोन आला. तिचा मुलगा कैलास, तिशी ओलांडलेला, जेसीबी चालवायचा आणि दिवसाला मूठभर गोळ्या खायचा. दादाराव मला सोबत घेऊन गेले. वडिलोपार्जित मेंढ्या विकून त्या लोकांनी दोन पत्र्याच्या खोल्या बांधल्या होत्या. दोन तास बोलणं झालं. बोलले दादारावच, आणि कैलास भिंतीला टेकून जमिनीकडे बघत राहिला. शेवटी तो उठला, पत्र्याखाली खोचलेली पिशवी काढून त्याने आमच्यासमोर टाकली आणि म्हणाला, "घ्या. पर मी तुमच्या मीटिंगला येनार नाय."

गोळ्या मी फोडत होतो. दुकानात वर्षानुवर्षं पट्ट्याच हाताळलेल्या, त्यामुळे हात सराईत होता. त्यातली एक पट्टी बादलीकडे गेली नाही. मी ती ठरवून घेतली असं म्हणवत नाही, पण घेतली मी. शर्टाच्या खिशात, मोबाईलच्या मागे. पुढे सगळं ढवळेपर्यंत मला दुसरं काही ऐकू येत नव्हतं. छातीपाशी ती पट्टी आहे एवढंच कळत होतं, आणि खरं सांगायचं तर आनंद झाला होता.

आम्ही बाहेर आलो. रस्त्यावर गंगापूरला जाणारी जीप भरत होती, ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. दादारावांनी आपले खिसे दाखवले. मी घाईघाईने पँटचे दोन्ही खिसे बाहेर काढले, आत ढकलले आणि जीपकडे वळलो.

"वरचा राहिला," दादाराव म्हणाले.

मी म्हणालो, त्यात मोबाईल आहे.

"असंल. दाव."

मी हललो नाही. तेही हलले नाहीत. ड्रायव्हरने हाक मारली, तेव्हा दादारावांनी त्याला हातानेच जा म्हणून सांगितलं आणि दारातल्या दगडावर बसले, पांढरी अस्तरं तशीच बाहेर लोंबत. जीप गेली. कैलास दारात येऊन उभा राहिला, त्याच्यामागे म्हातारी. ऊन डोक्यावर होतं. चालत सुटावं, असं माझ्या मनात आलं. गंगापूर काही फार लांब नव्हतं, आणि या म्हाताऱ्याने माझं काय वाकडं केलं असतं? सात महिने गेले तर गेले, पुन्हा मोजू. हे सगळं मनात चाललेलं असताना ते माझ्याकडे बघतसुद्धा नव्हते, पायाखालची माती बघत बसले होते.

किती वेळ गेला ते मला माहीत नाही. मी मोबाईल काढला. मग पट्टी काढली आणि ती त्यांच्यापुढे धरली.

आणि दादाराव उठून चटकन दोन पावलं मागे सरले. त्यांचा चेहरा उतरला होता. "माझ्या हातात देऊ नगंस," ते म्हणाले. "मी नाय धरनार."

अठरा वर्षं क्लीन असलेला माणूस आणि सात महिने क्लीन असलेला माणूस, दोघे एका पट्टीला घाबरून भर उन्हात समोरासमोर उभे. शेवटी कैलासच आत गेला, बादली घेऊन आला, माझ्या हातातून पट्टी घेतली आणि एकेक गोळी फोडून पाण्यात टाकली. रिकामी पट्टी त्याने मला उलटून दाखवली.

पुढच्या रविवारी तो मीटिंगला आला. येणार नाही म्हणणारा माणूस तासभर आधी येऊन बसला होता. मी दादारावांना विचारलं, तुम्हाला कसं कळलं होतं? "मला कुठं म्हाईत व्हतं," ते म्हणाले. "तू जीपकडं बघितलंस, म्या तुझ्याकडं बघितलं." मग चष्मा पुसत म्हणाले, "माझ्या दोन तास बोलन्यानं नसता आला त्यो. त्यानं दोन भेलेली मानसं बघितली, म्हनून आला." मला त्यांनी त्या दिवसावरून कधी टोमणा मारला नाही. शर्ट खोचण्यावरून मात्र बोलत राहिले.

गेल्या वर्षी त्यांच्या पोटात गाठ निघाली. डॉक्टरांनी दुखण्यावर जबर गोळ्या लिहून दिल्या. दादारावांनी ती चिठ्ठी बुद्धाच्या तसबिरीमागे खोचून ठेवली आणि आठ दिवस दात आवळून काढले. शेवटी त्यांच्या बायकोने, कौसामावशींनी, मला फोन केला. मी आणि कैलास चितेगावला गेलो. अंथरुणात ते अर्धे झाले होते. मला त्यांचा राग आला, आणि मी तो बोलून दाखवला. ते सगळं ऐकून घेतल्यावर म्हणाले, "तेवढं सांग. गोळी घेतली तर मी किलीन मरतो का नाय?"

मला जे खरं वाटलं ते सांगितलं. डॉक्टरांपासून काही न लपवता, मावशींच्या हातून, वेळेवर घेतलेली गोळी म्हणजे नशा नाही, लपवून घेतली तर आहे. दादाराव म्हणाले, "मंग मला लपवू देऊ नका."

त्याप्रमाणे झालं. डबा मावशींच्या ताब्यात. आम्ही दोघे दर रविवारी जायचो आणि त्यांच्यासमोर पट्ट्या तपासायचो. ते आपल्या बंडीचा खिसा उलटा करून दाखवायचे. हात उचलेनासा झाला तेव्हा मावशी करून दाखवायच्या. एका दुपारी, मावशी पाणी पाजत असतानाच, ते गेले. हा माणूस नसता तर मी आज कुठे असतो, हा विचार मला सहन होत नाही.

पाचव्या दिवशी मावशींचा निरोप आला की उरलेल्या गोळ्या घरात नकोत. कैलासची मशीन कुठेशी अडकली होती, त्याला येता येईना. मी एकटाच गेलो. रिवाज मी मोडला, नऊ वर्षं क्लीन आहे या भरवशावर. मावशींनी डबा माझ्या हातात दिला. दोन पट्ट्या पूर्ण भरलेल्या होत्या. घरात आम्ही दोघंच होतो, आणि त्या दोन होत्या की एक, हे जगात तिसऱ्या कुणाला माहीत नव्हतं. मी म्हणालो, "मावशी, बादली आणा, आणि इथंच बसा. उठू नका."

त्या बसल्या. मी फोडल्या, त्यांनी ढवळल्या, मी ओतून आलो. मग उंबऱ्याबाहेर उभा राहून पँटचे खिसे बाहेर काढून त्यांना दाखवले. रस्त्यावर शहराकडे जाणारी बस दिसली. मी पायात चपला सरकवल्या.

"वरचा राहिला," मावशी म्हणाल्या.

मी जागीच थांबलो. तेच शब्द, तोच उतरता आवाज. इतकी वर्षं मी ते शब्द दादारावांचे समजत होतो. ते मावशींचे होते. सव्वीस वर्षं रोज संध्याकाळी तो माणूस कामावरून येऊन याच उंबऱ्यावर उभा राहत असणार, आणि या बाई आतून त्याला हेच म्हणत असणार.

खिशात एसटीचं तिकीट होतं, दुसरं काही नव्हतं. तरी तो खिसा दाखवायचा मी विसरलो होतो की टाळला होता, हे मला आजही सांगता येत नाही. मी तो दोन बोटांनी उघडून धरला. मावशी जवळ आल्या, चष्मा वर करून त्यांनी आत नीट बघितलं, आणि मग म्हणाल्या, "जा आता. पुढल्या बारीला कैलासला घेऊन ये."