कबरीतले साप

लहानपणी शेजारचा प्रसाद खायला मला बंदी होती. "खाल्लास तर कबरीत साप येतील," अम्मी सांगायची. जुन्या नाशकातल्या आमच्या गल्लीत गणपतीच्या दिवसांत कुणी मोदक पुढे केला, की मी पळत घरात शिरायचे. झोपताना पाय पोटाशी घ्यायचे.

लग्नानंतर आम्ही कॉलेज रोडला राहायला आलो. मी नोकरीवर गेले की माझ्या मुलीला शेजारच्या काकू सांभाळायच्या. मागच्या गणपतीत त्या वाटीत मोदक घेऊन आल्या. मुलगी मागे सरकली.

"नको अम्मी, कबरीत साप येतात!"

मी हे तिला कधीच सांगितलं नव्हतं. ती ज्या आपांकडे कुराण शिकायला जायची, तिथं ती हे ऐकून आली होती. काकूंचा चेहरा उतरला. "असू दे, लेकरू आहे," म्हणत त्या वाटी घेऊन परत गेल्या.

शुक्रवारी आपांच्या घरी बायका जमल्या होत्या. मी उभी राहिले.

"आपा, पोरांना नमाज शिकवा, कुराण शिकवा. काय खायचं नाही तेही सांगा. पण शेजाऱ्यांची भीती नका घालू. अल्लाहनंच त्यांनाही घडवलंय ना?"

बायकांनी माना खाली घातल्या. आपा हलकेच म्हणाल्या, "बेटी, असं बोलणाऱ्यांचं पुढे काय होतं, माहितीये ना?"

घरी येताना मागून स्कूटरचा आवाज आला की मी भिंतीला चिकटत होते. नवरा म्हणाला, "बरोबर बोललीस. पण काही दिवस पोरीला एकटीला सोडू नकोस." नंतर फोन यायला लागले. पलीकडून कुणी बोलायचं नाही, नुसता श्वास ऐकू यायचा.

अम्मीही चिडली. "लोक मला जाब विचारतात."

"अम्मी, सापांचं तुला कुणी सांगितलं होतं?"

"माझ्या अम्मीनं. अजून भीती वाटते गं."

तिच्यावरचा माझा राग तिथंच ओसरला.

मुलीला आता मीच घरी कुराण शिकवते. त्या शुक्रवारी गप्प बसलेल्या दोघीजणी आपली पोरं माझ्याकडे पाठवतात. कुणाला सांगू नकोस, म्हणतात. काकू येतात, पोरांच्या घोळक्यात बसतात. मी पडदे ओढून घेते. बेल वाजली की आधी पोरांना आतल्या खोलीत पाठवते, मगच दाराशी जाते.