एकसारखे दिसणारे दोन सील

ऐंशीचं दशक संपत आलेलं. मी लष्कराच्या इंजिनिअर कंपनीत हवालदार मेकॅनिक होतो. मोठ्या वादळानंतर सिव्हिल प्रशासनाच्या मदतीसाठी आमची बावीस जणांची डिटॅचमेंट पुण्याहून डोंबिवलीला आली. मुक्काम एका शाळेत. काम एकच, शीळफाट्यापासून कल्याणपर्यंत रस्त्यावर पडलेली झाडं कापायची. पाचला उठायचं, सहाला गाड्या निघायच्या, अंधार पडला की परत. चौथ्या दिवशी जवान हातात पोळी धरून बसल्या जागी झोपत होते.

आमच्याकडे दोन चेन सॉ होत्या, पेट्रोलवर चालणाऱ्या करवती. दोन्ही जुन्या, एकाच कंपनीच्या, फक्त मॉडेल वेगळं. बाहेरून जुळ्या बहिणी. पाचव्या सकाळी दोन्ही बंद पडल्या. एकीचा सिलिंडर तडकला, दुसरीच्या क्रँकचं, म्हणजे इंजिनातल्या फिरत्या दांड्याचं, बेअरिंग गेलं. स्पेअर पुण्याहून यायला दोन दिवस लागणार होते.

कॅप्टन साहेबांनी विचारलं, "दोन्हीची मिळून एक होईल?"

"होईल, साहेब."

शाळेच्या व्हरांड्यात ताडपत्री अंथरली आणि दोन्ही इंजिनं उघडली. इथे माझी पहिली चूक झाली. दोन्हीचे पार्ट वेगवेगळ्या डब्यांत ठेवायला हवे होते. लहान पार्ट मी एकाच ट्रेमध्ये रॉकेलने धुतले. शिकाऊ पोरालासुद्धा मी हे करू दिलं नसतं.

मग ओळखत बसलो. दोन पिस्टन शेजारी ठेवले तर डोळ्यांना फरक दिसत नव्हता. व्हर्नियर, म्हणजे बारीक मापाची पट्टी, लावला तेव्हा कळलं, पिनच्या भोकापासून माथ्यापर्यंत एक पिस्टन दीड मिलिमीटर बुटका. रिंगांची जाडी मोजली. बेअरिंग बोटावर फिरवून पाहिलं. शेवटी चार ऑइल सील उरले, रबराच्या लहान कड्या. क्रँकच्या दोन्ही बाजूंनी हवा आत जाऊ नये म्हणून बसवतात. त्यांच्यावरचे नंबर झिजून गेलेले. बाहेरून चारही सारखे, फक्त दोनांचं आतलं भोक केसभर मोठं. रबर व्हर्नियरमध्ये नीट मोजता येत नाही. सील क्रँकवर चढवून पकड हातानेच बघावी लागते. एका बाजूचा मी तसा बघून बसवला.

तेवढ्यात साहेब आले. कोपरला खाडीजवळ अर्धवट उन्मळलेलं झाड एका घरावर कोसळलं होतं. आत बाई अडकलेली.

"किती वेळ?"

"पंधरा मिनिटं, साहेब."

दुसरा सील मी नजरेने उचलला आणि ठोकून बसवला.

अकरा वाजून दहा मिनिटांनी आम्ही कोपरला होतो. शिरीषाचं जुनं झाड, दोन माणसांच्या कवेत न मावणारं. खाली कोळ्यांचं कौलारू घर. बाहेर बाईचा मुलगा चिखलात उभा होता. बाई मासळी विकायची, हिराबाई नाव.

"साहेब, माजी आय आतन हाय. आवाज देते, पन बारीक."

सॉ लान्स नायक दत्तू गावितने उचलली. तो जव्हारकडचा, जंगलात वाढलेला. लाकूड कुठून ताणलंय आणि कुठून दबलंय, हे तो हात फिरवून सांगायचा. त्याने दोर ओढला, इंजिन लगेच सुरू झालं. पहिल्या दोन फांद्या सहज पडल्या. मग इंजिनचा आवाज चढला. गावितने ट्रिगरवरचं बोट काढलं तरी खाली येईना. मला वाटलं, छान पळतंय. खरं तर त्या सीलमधून हवा आत जात होती आणि पिस्टन कोरडा तापत होता. अकरा बत्तीसला इंजिन जाम झालं.

रेडिओवर आमचं नाव 'टू'. साहेबांनी विचारलं, "टू, सॉ की पोझिशन बताओ, ओव्हर."

मी म्हटलं, "सॉ डाउन. हाथ से काट रहे हैं, ओव्हर."

आता मुख्य फांदी हाताच्या करवतीने कापायची होती. बाहेरून दोन जणांची करवत चालवायला जागा नव्हती. गावित लहान करवत घेऊन भिंत आणि खोड यांच्यामधल्या फटीत शिरला.

मी म्हटलं, "दत्तू, भिंत ओली आहे. टेकू लावू दे."

"लावा तुम्ही. मी तोवर कापतो. बाईचा आवाज थांबलाय, उस्ताद."

जे काम सॉने चार मिनिटांत झालं असतं, त्याला पंचवीस मिनिटं लागली. फांदी सुटली. त्याने हिराबाईंना काखेत धरून आमच्याकडे ढकललं, आम्ही ओढून घेतलं. भिंत त्यानंतर पडली. आम्ही त्याला सहा मिनिटांत बाहेर काढलं. उपयोग नव्हता.

चौकशीत मी सगळं सांगितलं. ट्रे, सील, पंधरा मिनिटं. अधिकाऱ्यांनी लिहून घेतलं. निष्कर्ष आला: भिंत कोसळून मृत्यू; यंत्र जुने. मला शिक्षा झाली नाही. झाली असती तर बरं वाटलं असतं, असं नंतर बरेचदा वाटलं.

गावितला घरी नेणाऱ्या गाडीत मी होतो. ठाण्यात कागदपत्रं झाली, तिथून जव्हार, पुढे पाड्यापर्यंत चालत. सगळं आटोपल्यावर त्याच्या वडिलांसमोर बसलो. लाकूड तोडून उभं आयुष्य काढलेला माणूस. म्हटलं, "बाबा, मशीन मी जोडलं होतं. एक पार्ट ओळखण्यात चुकलो. ते चाललं असतं तर दत्तूला आत जावं लागलं नसतं."

त्यांनी विचारलं,

"ती बाई जगली का?"

"जगली. पायाचं हाड मोडलंय. बरी होईल."

"मग त्याचं काम झालं," ते म्हणाले. पुढे म्हणाले, "तुम्ही पुन्हा सांगू नका. एकदा ऐकलं."

त्याच्या आईने नागलीची भाकरी आणून पुढे ठेवली. ते दोघं समोर बसून होते, म्हणून संपवली.

मी ब्याण्णवला निवृत्त झालो. लान्स नायक दत्तू सोमा गावित तेव्हा असता तर एकतीस वर्षांचा असता, बहुतेक हवालदार. वजन कमी, आवाज मोठा, पत्त्यांत नेहमी हरायचा. मला उस्ताद म्हणायचा.