खैरनार सरांचा काढा

वनस्पतिशास्त्राचे खैरनार सर भेटले की नमस्काराआधी समोरच्याचा दंड दाबून बघत. "मऊ पडलाय हो, जाधव! साली खात जा."

नाशिकच्या आमच्या कॉलेजात मी रसायनशास्त्र शिकवायचो, म्हणून सरांचे शोध पहिल्यांदा माझ्याच कानावर आदळत. स्टाफरूममध्ये ते द्राक्षं सोलायचे. गर मला, साली त्यांना. कांद्याच्या आणि द्राक्षाच्या सालींतली द्रव्यं स्नायू झिजू देत नाहीत, असं त्यांनी कुठेतरी वाचलं होतं.

"उंदरांवर सिद्ध झालंय!"

"सर, आपण उंदीर नाही."

"म्हणून तर डोस वाढवलाय!"

निवृत्तीनंतर सर ओट्यावरून घसरले आणि मांडीचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, मग नुसतं पडून राहणं. भेटायला गेलो तर त्यांनी चादर बाजूला करून पाय दाखवला. काठीच झाली होती. सर मूळचे सटाण्याकडचे. मन हललं की अहिराणीत बोलत. "आते काहीच नही ऱ्हायनं, भाऊ," म्हणाले आणि भिंतीकडे वळले.

व्यायाम शिकवायला येणाऱ्या मुलीला ते रोज परत पाठवत. दुखतं म्हणून. कांद्याच्या सालींचा काढा मात्र दोन वेळा हवाच. शेवटी वहिनींनी जाहीर केलं, "साली संपल्या. मी आणणार नाही. हव्या तर स्वतः जा."

सर चिडले, पण वॉकर घेऊन दारात येणाऱ्या कांदेवाल्याच्या हातगाडीपर्यंत गेले. पुढच्या आठवड्यात हातगाडी गल्लीच्या तोंडाशी थांबू लागली. नंतर तर तिथेही दिसेना. "हा माणूस माझ्यावर उठलाय!" म्हणत सर चालतच राहिले. दिवाळीच्या सुमाराला ते काठी टेकत थेट पंचवटीच्या भाजीबाजारात पोचले.

त्याच संध्याकाळी त्यांनी मला बोलावून घेतलं. "जाधव, लेख लिहायचा. कांद्याने माणूस उभा केला!"

वहिनी चहा घेऊन आल्या. "भाऊजी, लिहा खुशाल. पण गाडीवाल्याला लांब थांबायला मीच सांगायचे. आणि त्या साली गुलाबाच्या कुंडीत जायच्या. काढा म्हणजे नुसता गूळ न् चहापत्ती."

सरांचा कप हवेतच थांबला. मला वाटलं, आता भांडण. पण त्यांचे डोळे चमकले.

"म्हणजे साली न देता काय होतं, तेही तपासून झालं! आता फक्त खऱ्या साली देऊन बघायचं!"

ते काठी न घेताच उठले आणि चपला घालू लागले. वहिनींनी पिशवी पुढे केली.

"येताना कोथिंबीर पण आणा."