माझ्याकडे नीट दिसतंय

रक्तपेढीत तिला सगळे रेघबाई म्हणत, कारण रेघा काढणं हेच तिचं काम. फ्रीझर, फ्रीज, तपासणीची यंत्रं, सगळ्यांचे आकडे तिच्या कॉम्प्युटरवर येऊन पडत आणि ती त्यांचे आलेख काढी. आलेखांचं सॉफ्टवेअर तिनं स्वतः खटपट करून हवं तसं वळवून घेतलं होतं. त्यातला फाँटसुद्धा तिनं कुठून कुठून हुडकून आणला होता, का, तर त्यातला दोनचा आणि सातचा आकडा तिला देखणा वाटे. आलेखाला कुणी नावं ठेवली की बाई भडकलीच म्हणून समजा. मनात काही ठेवायची नाही, पण राग सदा नाकाच्या शेंड्यावर.

त्या सकाळी मात्र रागाला कारण होतं. तिचा धाकटा भाऊ याच रक्तपेढीत फ्रीझररूम सांभाळायचा. आदल्या दिवशी तपासणीवाले आले, त्यांनी गेल्या महिन्याचे आलेखांचे कागद चाळले, आणि प्रत्येक कागदावर फ्रीझरचं तापमान दिसलं बत्तीस. मायनस बत्तीस नव्हे, नुसतं बत्तीस. म्हणजे जो प्लाझ्मा दगडासारखा गोठलेला हवा, तो महिनाभर उन्हात ठेवल्यासारखा राहिला. रक्तपेढीच्या साहेबांनी तिथल्या तिथे भावाकडून चाव्या काढून घेतल्या. दुपारी साहेबांच्या खोलीत बैठक होती, आणि त्याची नोकरी राहते की जाते ते तिथंच ठरणार होतं.

भाऊ तिच्या टेबलाशी स्टुलावर बसला होता. हातातला चहा गार झाला होता.

"हे बघ!" रेघबाईनं स्क्रीन त्याच्याकडे वळवला. "मायनस बत्तीस. ढळढळीत दिसतंय. आंधळे आहेत का सगळे?"

"मला दाखवून काय उपयोग, ताई? माझ्याकडेही असंच दिसतं."

"मग कागदावर काय भुतानं छापलं?"

तिनं ते कागद मागवून घेतले आणि तिचं डोकंच फिरलं. वजाची रेघ एकाही आकड्याला नव्हती. बाजूच्या पट्टीवर सगळ्यात खाली चाळीस, त्याच्यावर तीस, वीस, दहा, आणि वर शून्य. खाली चाळीस आणि वर शून्य! सही करणाऱ्यानं सही केली, शिक्का मारणाऱ्यानं शिक्का मारला, आणि ही उलटी शिडी एकाच्याही डोळ्यांत खुपली नाही. खाली मान घालून सह्या ठोकायच्या आणि नंतर गरिबाचा गळा धरायचा.

"ताई," भाऊ हळूच म्हणाला, "याआधी कुणी काही बोललं नव्हतं का तुला?"

"कोण बोलणार? बोलायला आधी बघावं लागतं!"

भावानं विषय सोडून गार चहा संपवला. विषय सोडणं त्याला लहानपणापासून छान जमायचं.

तिनं आलेखाची फाइल पेनड्राइव्हवर घेतली आणि खोल्याखोल्यांतून निघाली. हिशेबखात्यात फाइल उघडली, तर बत्तीसच्या आधी वजाच्या जागी एक रिकामा चौकोन, तिळाएवढा. स्वागतकक्षात तसाच चौकोन. प्रयोगशाळेत तर चौकोनही नाही, नुसती मोकळी जागा. पहारेकऱ्याच्या मागे लागून तिनं फ्रीझररूम उघडायला लावली आणि तिथल्या कॉम्प्युटरवर फाइल टाकली. तिथं वजा होती, सरळ, काळीभोर, जिथल्या तिथे. क्षणभर तिला बरं वाटलं, मग तिनं मोजलं. सबंध इमारतीत दोनच कॉम्प्युटरांवर आकडा बरोबर दिसत होता, एक तिच्या आणि एक भावाच्या.

कारण तिला तिथं उभ्या उभ्याच कळलं. गेल्या महिन्यात सगळीकडे नवे कॉम्प्युटर आले होते. या दोन खोल्यांनाच तेवढे जुने ठेवले होते, आणि जुन्यांवर तिनं आपल्या हातानं तो देखणा फाँट टाकला होता. फाइलीबरोबर फाँटचं फक्त नाव जातं, फाँट जात नाही. ज्या कॉम्प्युटरकडे तो नसतो तो हाताशी असेल त्या फाँटवर भागवतो. आकडे काय, कुठल्याही फाँटमध्ये असतात. पण तिचं सॉफ्टवेअर वजासाठी कीबोर्डवरची आखूड रेघ वापरत नसे, छापखान्यातली लांब, शिस्तीची रेघ वापरी. ती नव्या फाँटांत नव्हती, म्हणून चौकोन. इथपर्यंत सगळं जुळलं. पण कागदावर तर चौकोनही नव्हते. ते कुणी गिळले?

बैठकीत साहेबांनी तिला पुरतं बोलूच दिलं नाही.

"म्हणजे बाई, वजा फक्त तुमच्या आणि तुमच्या भावाच्या कॉम्प्युटरवर दिसते."

"हो, कारण फाँट..."

"आणि सकाळी तुम्ही पहारेकऱ्याला दार उघडायला लावून फ्रीझररूममध्ये जाऊन आलात."

"तपासायला गेले होते!"

"तसं तुम्ही म्हणता. बाकी सगळीकडे बत्तीस, आणि बहीणभावाच्या घरात मायनस बत्तीस. मी काय समजायचं?"

 चोर ठरवलं होतं तिला, आणि तेही भावासमोर. "आज फ्रीझर थंड आहे ना? जाऊन हात लावा!" ती ओरडली.

"वितळलेलं पुन्हा गोठतं, बाई."

हे खरंच होतं, आणि म्हणून जास्त झोंबलं. तिनं यंत्रातले मूळ आकडे पुढे केले, तर साहेब म्हणाले की तेही तुमच्याच ताब्यात असतात. भाऊ खिडकीजवळ उभा होता. दोन्ही हात पाठीमागे, शाळेत शिक्षा झालेल्या पोरासारखा. त्याचा तो उभा राहण्याचा ढंग बघून तिला साहेबांना उभं चिरावंसं वाटलं.

ती तरातरा गेली आणि आपला कॉम्प्युटर तारांसकट उचलून घेऊन आली. साहेबांच्या फायली हातानं बाजूला सारून तो त्यांच्याच टेबलावर मांडला. "आता बघा. माझा फाँट मी तुमच्या डोळ्यांदेखत काढून टाकते."

तिनं फाँट पुसला. इतकी वर्षं जपलेला दोन आणि सात गेला. मग तिनं आलेख उघडला.

मायनस बत्तीस.

साहेब खुर्चीत मागे टेकले. नुसते हसले.  फाँट गेला तर मग ही वजा आली कुठून? तिनं पुन्हा उघडलं, पुन्हा वजा. भावाकडे बघायची तिची हिंमत होईना. मग एकदम डोक्यात उजेड पडला. सॉफ्टवेअर पाहिलेल्या फाँटांचा साठा करून ठेवतं. मूळ फाँट गेला तरी त्या साठ्यातून काढून दाखवतं. चार शिव्या मनातल्या मनात हासडून तिनं तो साठा शोधला, रिकामा केला, कॉम्प्युटर बंद करून पुन्हा चालू केला. 

आलेख उघडला. बत्तीसच्या आधी तिळाएवढा रिकामा चौकोन.

"हा!" तिनं टेबलावर थाप मारली. "ही तुमची वजा! फाँट नसला की अशी दिसते. आता मला एवढंच सांगा, कागदावरून हे चौकोन कुणी उडवले?"

दाराजवळून बारीक आवाज आला. "मी."

कागद छापणारी बाई होती ती, बैठकीला कागद घेऊन आलेली. सगळे तिला टापटीप म्हणत. वाकडा कागद तिला बघवत नसे, स्टेपलरची पिनसुद्धा ती सरळ रेषेत मारायची. "ते डबे दिसत होते, घाणेरडे," ती म्हणाली. "मला वाटलं कॉम्प्युटरची घाण आहे. वर पाठवायचे कागद म्हणून छापायच्या आधी स्क्रीनवरच एकेक पुसून काढायची."

साहेबांचा आवाज आता दुसरीकडे वळला. "पुसून काढायची? एक महिना? कुणाला विचारायची पद्धत आहे की नाही? एका माणसाची नोकरी जात होती तुमच्या टापटिपीपायी!"

रेघबाईला आतून गार वाटलं. बरं झालं, आता हिची पाळी. तिनं टापटीपकडे रागानं पाहिलं, आणि टापटीप तिच्याकडेच बघत होती. तक्रार नव्हती त्या नजरेत. ती नुसती वाट बघत होती.

आणि रेघबाईला तिचा फोन आठवला.

गेल्या महिन्यात, नवे कॉम्प्युटर आले त्या आठवड्यात. मॅडम, आलेखात डबे डबे येताहेत, जरा बघता का? रेघबाई तेव्हा कुठल्याशा कामात होती. "माझ्याकडे नीट दिसतंय," ती खेकसली होती. "तुमचा कॉम्प्युटर पुसून घ्या." आणि तिनं रिसीव्हर आदळला होता.

साहेबांनी कागद पुढे ओढला, पेनाचं टोपण काढलं. "तर मग हलगर्जीपणा यांचा."

टापटीप दाराशीच उभी होती. तिच्या हातातला रुमाल चौकोनी घडीचा होता आणि ती त्याची घडी पुन्हा पुन्हा मोडत होती. इतका गबाळा तिचा रुमाल कुणी पाहिला नसेल. खिडकीजवळ भाऊ उभा होता. त्याचे हात आता मोकळे होते. तो सुटला होता. रेघबाईला तोंड उघडायची काहीच गरज नव्हती. दिवसभर तिनं सगळ्यांवर राग काढला होता, सही करणाऱ्यावर, शिक्का मारणाऱ्यावर, साहेबांवर. आता तो राग फिरून तिच्यावरच येऊन बसला होता.

"थांबा, साहेब," ती म्हणाली.

साहेबांनी पेन थांबवलं.

थांबवलं साहेबांना होतं, पण बघत होती ती भावाकडे. "सकाळी तू विचारलंस ना, कुणी काही बोललं नव्हतं का म्हणून?" तिचा आवाज नेहमीसारखा चढला नाही. "बोलली होती. हीच बोलली होती. मीच ऐकलं नाही. लिहा, साहेब, माझं नाव लिहा."