रंगाच्या खाली लिहिलेली चक्कर

बाबांची जुनी मोटारसायकल मुलुंडला आमच्या बिल्डिंगच्या जिन्याखाली कित्येक वर्षं गंजत पडली होती. ऐंशीच्या दशकात मी ती दुरुस्तीला काढली. कामांची यादी भिंतीवर चिकटवली, सुटे भाग डब्यांत घालून प्रत्येक डब्यावर चिठ्ठी लावली. दसऱ्याच्या सकाळी इंजिन सुरू झालं. बाबांनी हँडलला झेंडूचा हार घातला आणि म्हणाले, “नाहूरपर्यंत एक चक्कर मारून येतो रे.”

“थांबा ना बाबा, टाकीचा रंग राहिलाय, मडगार्डचं क्रोम राहिलंय. आधी यादी संपू दे.”

“गाडी काय रंगावर चालते?”

मी चावी खिशात टाकली.

रंग आणि क्रोम होईपर्यंत पुढचा दसरा उजाडला. तोवर अर्धांगाने बाबांचा उजवा पाय गेला होता, किक मारायचा. मी चकचकीत गाडी त्यांच्या खुर्चीसमोर आणून उभी केली. म्हटलं, मागे बसा, मी फिरवून आणतो. त्यांनी हारही हातात घेतला नाही.

“तूच फिरव. संपली ना तुझी यादी?”

संपली नव्हती. बाबांची चक्कर हे शेवटचं काम होतं. रंगाच्या आणि क्रोमच्या खाली, मीच लिहिलेलं.