मामाची मळलेली गाडी

आमच्या मामाने उभं आयुष्य लोकांच्या गाड्या नव्या करण्यात घालवलं. पोचे काढायचे, खड्ड्यांत लांबी भरायची, घासायचं, रंग मारायचा. त्याने रंगवलेल्या दारात बघून भांग पाडता यायचा. धुळीशी तर त्याचं हाडवैर. आमच्या घरी आला की बोलता बोलता जेवणाच्या टेबलाची कड रुमालाने पुसणार. अशा माणसाने सत्तरीत एक गाडी मुद्दाम मळवायला घ्यावी, याचं मला आधी हसूच आलं.

गाडी होती जेमतेम वीतभर. माझ्या बाबांच्या शर्यतीच्या गाडीची प्रतिकृती: लाल, लांब नाकाची, उघड्या चाकांची, बाजूला पांढरा सात. खरी केव्हाच भंगारात गेली. उरला एक फोटो, शर्यतीच्या सकाळचा, गाडी चकाचक. ती रंगवली होती मामानेच, एकोणीस वर्षांचा असताना. संध्याकाळी बाबा शर्यतीत दुसरे आले आणि गाडी चिखलातेलात न्हाऊन दारात उभी राहिली. मामाने लांबूनच तो अवतार पाहिला, माझ्या कामाची माती केली म्हणाला आणि तोंड फुगवून चालता झाला. बाबांशी धड बोललाही नाही. वर्षभरात बाबा तापाने गेले. मी तीन वर्षांची होते.

आता आईला द्यायला मामाला तीच गाडी हवी होती, शर्यतीहून परत आली तशी. पण त्याने ती नीट पाहिलीच नव्हती, आणि हे त्याला इतकी वर्षं खात होतं.

ती बनवायला त्याला चार महिने लागले; त्या दिवसांत मी दुपारी त्याच्या खोलीत जाऊन लोळायचे. मामा चाकांत बारीक तारेच्या आऱ्या ओवायचा, जुन्या घड्याळाच्या पट्ट्यातून बॉनेटचा पट्टा कापायचा. खिडकीतलं ऊन, थिनरचा वास, पॉलिश पेपरची खसखस. डोळे कधी मिटायचे कळत नसे. मग ती गाडी वाढत वाढत खोलीएवढी व्हायची, भिंती विरघळायच्या आणि लांब रस्त्यावरून बाबा जाताना दिसायचे, पाठमोरे. मी हाक मारायचे. ते वळायचे नाहीत, पण गाडी थोडी हळू व्हायची. जाग यायची तेव्हा गाडी पुन्हा वीतभर झालेली असे.

मळवणं काही जमेना. आज तपकिरी रंग फासायचा आणि उद्या सकाळी गाडी लख्ख. "हात ऐकत नाही गं," मामा ओशाळून म्हणायचा. शेवटी एकदाचा हात ऐकला. बॉनेटच्या फटींतून काळे ओघळ, चाकांवर चिखल. मामा ती खोक्यात घालून आमच्याकडे घेऊन आला.

आईने चष्मा लावला. गाडी फिरवून फिरवून पाहिली आणि म्हणाली, "ही उभ्या उभ्या मळलीय. तेल खाली कसं ओघळेल? पळत्या गाडीचं तेल मागे जातं."

मामाचा चेहरा पडला. चाळीस वर्षं उभ्या दारांवरचे रंगाचे ओघळ पुसणारा माणूस; ओघळ खाली सोडून आणखी कुठे जाणार, असंच त्याचा हात समजून चालला होता. मला त्याची फार दया आली.

मग दोघं टेबलाशी बसली. आई केसातल्या आकड्याने दाखवायची, मामा ब्रश ओढायचा. तेल मागे, माती मागे, पांढऱ्या सातावरूनसुद्धा मागे. ऊन सरकत टेबलाच्या टोकाला गेलं. गाडी जागच्या जागी पळू लागली. मी चहा ठेवायचा विसरले.

"आता इथे पूस," आई म्हणाली. सातच्या थोडं पुढे.

मामा बघतच राहिला. पुसायचं?

"तू निघून गेलास त्या दिवशी. मग यांनी इथे तळव्याने पुसलं. खालून लाल दिसला तसे म्हणाले, मेहुण्याचा हात आहे हा, बघ, एवढं होऊन काही गेलेलं नाही."

मामाने ब्रश खाली ठेवला.

"ताई, कधी बोलली नाहीस."

"त्या गाडीचं नाव तरी काढू दिलंस का?"

मामाने रुमाल काढला आणि परत खिशात ठेवला. करंगळीच्या टोकाने त्याने ती जागा पुसली, अगदी हळू, दुखेल म्हणून जपून पुसावी तशी. नखाएवढा लाल रंग वर आला. आई त्यावर बोट टेकवून बसून राहिली.

मामा निघाला तेव्हा टेबलभर काळे डाग पडले होते. त्याने ते तसेच राहू दिले.